वाडग्यातली मशीनं

काल आजीला काहीच ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन बंद पडलं असेल, म्हणून दहावीतली नात शाळेतून परस्पर नवा सेल घेऊन हॉस्पिटलच्या वॉर्डात आली. दुपारची वेळ. पडदे ओढलेले, औषधांचा आणि ओल्या चादरींचा वास, आणि अंगावर येणारी शांतता. एवढी म्हातारी माणसं, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आजीच्या कानात मशीन नव्हतंच.

"काढून ठेवलंय," सिस्टर म्हणाली. "हरवलं की तुम्हीच भांडायला येता. आणि आजींना आता कोणत्या बातम्या ऐकायच्यात?"

"पोटरी फार दुखतेय गं," आजी कण्हली. "सकाळपासून सांगतेय."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती नातीलाच म्हणाली, "वय झालंय. दुखणारच."

नातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती नुसतं सेलचं पाकीट फोडत राहिली. गेल्या वर्षी तिचा पाय नुसता मुरगळला, तर इथल्याच दोन सिस्टर धावल्या होत्या. आजीचा पाय काय लाकडाचा होता?

टेबलावर स्टीलच्या वाडग्यात सगळ्या म्हाताऱ्यांची मशीनं एकावर एक टाकलेली होती. सिस्टरने त्यातलं एक काढून दिलं. नातीने सेल घातला आणि चालतंय का बघायला ते स्वतःच्या कानाला लावलं.

खरखर. मग एका बाईचा आवाज, अगदी जवळून.

"सिस्टर... पोटरी सुजलीये..."

आजीचे ओठ मिटलेले होते. शेजारची खाट रिकामी होती, चादर नुकतीच बदललेली.

"मलाही म्हणाल्या, वय झालंय... मग श्वास लागला... तिचं पांघरूण काढ, पोरी..."

नातीने पांघरूण ओढलं. आजीची एक पोटरी टम्म फुगली होती. लाल, तापलेली.

चारचौघांत तोंड न उघडणारी ती पोर अशी ओरडली, की खाटांवरची डोकी वर झाली. डॉक्टर धावत आले. पाय बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"रक्ताची गाठ दिसतेय. छातीत गेली असती... आधी का नाही सांगितलं कुणी?"

"आजीनेच सांगितलं होतं," नात म्हणाली. "पण म्हाताऱ्यांचं दुखणं इथे जमेत धरत नाहीत."

आजीचं स्ट्रेचर निघालं. नातीने मशीन सिस्टरपुढे धरलं. "हे आजीचं नाही. कुणाचं आहे, तुम्हीच ऐका."

"काहीतरीच," म्हणत सिस्टरने ते कानाला लावलं, आणि लगेच चटका बसल्यासारखं फेकून दिलं. पण तिची मान तशीच कललेली राहिली. हळूहळू तिने दोन्ही कान हातांनी घट्ट दाबले.

"थांबा," रिकाम्या खाटेकडे बघत ती पुटपुटली. "एकेकीने बोला..."