बॉयलर किती अंशांवर ठेवायचा?

बॉयलर एवढा तापवूनही आबांना थंडी का वाजते, हे कोडं शाल्मलीला सुटत नव्हतं.

२०६४ सालचा जानेवारी होता. लडाखमधल्या एका वेधशाळेच्या वसाहतीत अकरा वर्षांची शाल्मली आईबाबांसोबत राहायची. आजी गेल्यावर तिचे आजोबा, म्हणजे आबा, कोल्हापूरहून इथे आले होते. त्यांचं सारं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलेलं. पण इथला गारठा त्यांना सोसेना. पुढच्या गाडीने परत जातो, असं त्यांनी बाबांना सांगितलेलं शाल्मलीने ऐकलं. तिकडे ते एकटेच राहणार होते. तिने कोणालाही न विचारता घर उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या बॉयलरचा आकडा पासष्टवरून ऐंशी अंशांवर नेला.

चौथ्या दिवशी सोबतीने (घर सांभाळणाऱ्या यंत्रमानवाने) सांगितलं की गॅस जेमतेम सतरा दिवस पुरेल. बर्फामुळे गॅसची गाडी यायला मात्र वीस दिवस होते.

शाल्मलीने रडत रडत आबांना सगळं सांगून टाकलं. आबा रागावले नाहीत. ते तिला बॉयलरपाशी घेऊन गेले. बॉयलरच्या तळातून एक बारीक नळी निघाली होती. तिच्याखाली त्यांनी तांब्या ठेवला आणि दोघं तिथेच बसून राहिली. तासाभराने पाहिलं, तर तांब्या कोरडाच.

"गॅस जळला की धुरात वाफही तयार होते," आबा म्हणाले. "त्या वाफेत सुप्त उष्मा असतो (पाण्याची वाफ होताना तिच्यात साठलेली उष्णता). वाफेचं परत पाणी झालं, तरच तो आपल्याला मिळतो, आणि ते पाणी या नळीतून ठिबकतं. त्यासाठी वाफेला गारवा लागतो."

तो गारवा यायचा रेडिएटरमधून (भिंतीवरच्या, आत गरम पाणी खेळणाऱ्या पत्र्यांमधून) फिरून परतणाऱ्या पाण्यातून. पण ऐंशी अंशांनी निघालेलं पाणी परततानाही गरमच असे. मग वाफ आपली उष्णता घेऊन धुराड्यातून बाहेर जाई. शिवाय खोली झटकन तापली की बॉयलर आपोआप बंद होई आणि खोली गार होऊ लागे. आबांना हुडहुडी भरायची ती त्या मधल्या वेळात.

आबांनी शाल्मलीलाच आकडा पन्नासवर आणायला लावला. कडाका फार वाढला तर थोडा चढवायचा, हेही सांगितलं. अंघोळीच्या पाण्याच्या टाकीचा वेगळा आकडा मात्र त्यांनी साठवरच ठेवला, कारण कोमट साठ्यात घातक जंतू वाढतात.

रेडिएटर आता हाताला नुसते उबदार लागत होते. शाल्मलीचा जीव धास्तावला. "आबा, तुम्हाला आणखी थंडी वाजली तर?"

"ऊब एकदम देऊन भागत नाही, बाळा. थोडी थोडी द्यायची, पण सतत."

बॉयलर मंद आवाजात, न थांबता चालू राहिला. थोड्या वेळाने नळीतून पहिला थेंब पडला, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत अर्धा तांब्या भरला. चार दिवसांनी सोबतीने पुन्हा हिशेब मांडला. गाडी येईपर्यंत गॅस पुरणार होता. एव्हाना आबाही स्वेटरवरची शाल काढून बसायला लागले होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी बाबांना सांगितलं की ते इथेच राहणार आहेत. शाल्मलीने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर आबा उठले आणि बूट घालू लागले. वसाहतीत तेरा घरं होती आणि प्रत्येक घरात बॉयलर होता. शाल्मलीने त्यांचा हात धरला आणि दोघं बर्फातून शेजारच्या डोल्मा काकूंच्या दारी गेली.

"काकू," शाल्मलीने विचारलं, "तुमचा बॉयलर किती अंशांवर आहे?"