हवा काढणारा

मी नर्स आहे, गाडीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. फिल्टर, पंप, लाइनीतली हवा हे सगळे शब्द मी त्या दिवशी शिकले. नसते शिकले तरी माझं काही अडलं नसतं.

आमचा दवाखाना लहान. श्वासाचा त्रास वाढलेला पेशंट आमच्याकडे ठेवण्यात अर्थ नसतो. ऑक्सिजन लावायचा आणि थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. वाटेत एक लांबलचक माळ लागतो. चढ संपला की ना घर, ना झाड, नुसता सरळ रस्ता, आणि मग पलीकडे उतार. या फेऱ्या मी इतक्या केल्यात की माळ लागला की मला डुलकी येते.

त्या दिवशी दुपारची जेवणं उरकून निघालो. पेशंट होती शिवणबाई. उभा जन्म शिवणकाम शिकवण्यात गेला, म्हणून सगळे तिला शिवणबाईच म्हणत. फुप्फुसं पार थकलेली, जीभ मात्र कात्रीसारखी. तोंडावर मास्क चढवला तरी आतून बडबड चालूच. सोबत तिची सून. ड्रायव्हर आमचे हळूकाका. खरं नाव दुसरंच आहे, पण चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही ही त्यांची शपथ, त्यामुळे हे नाव पडलं.

गाडी मात्र आमची नव्हती. आमची अँब्युलन्स दुरुस्तीला गेली होती, म्हणून मोठ्या हॉस्पिटलने त्यांची एक जुनी डिझेल गाडी बदली म्हणून पाठवली होती. मागच्या भागात आम्ही तिघी, पुढे काका. मध्ये पत्रा आणि पत्र्यात हातभर रुंदीची सरकती काच.

चढ संपेपर्यंत ऊन होतं. माळावर चढलो आणि धुकं लागलं. भर दुपारी. कापूस पिंजून ठेवावा तसं पांढरं, दाट. काकांनी दिवे लावले आणि वेग आणखी कमी केला.

"चालत नेलं असतंत तरी लवकर पोचले असते," शिवणबाई मास्कमधून म्हणाली.

"आई, बोलू नका. दम लागेल," सून म्हणाली.

"दम लागलेलाच आहे. बोलल्याने आणखी काय लागणार?"

तेवढ्यात गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. एकदा ओढ घ्यायची, एकदा सोडून द्यायची. काकांनी कशीबशी ती रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन दोनदा खाकरलं आणि बंद पडलं.

काच सरकली. काकांचा चेहरा शांत होता. "डिझेलचा फिल्टर चोंदलाय. ही गाडी आली त्या दिवशीच मी नवा आणून ठेवलाय. बदलतो."

"किती वेळ लागेल?"

"तुम्ही सिलिंडरची सुई बघा, सिस्टर. मी माझं बघतो."

सुई बघायला काकांनी सांगायची गरज नव्हती. सिलिंडर शहरापर्यंत पुरेल एवढा होता, वर थोडा शिल्लक. माळावर बसून राहण्याएवढा नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. मी चकती किंचित फिरवून ऑक्सिजन कमी केला आणि शिवणबाईच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघत बसले. आकडा हळूच खाली सरकला आणि थांबला. तिच्या नखांना निळसर छटा यायला लागली होती.

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज झाला. मग पाना, मग काकांचं पुटपुटणं. थोड्या वेळाने डिझेलचा उग्र वास आत आला. जुना फिल्टर निघाला असावा. काका मोठ्याने म्हणाले, "काय घाण साचलीये! नुसतं काळं पाणी."

आणखी थोड्या वेळाने त्यांनी पत्र्यावर थाप मारली. मी काच सरकवली.

"नवा बसवला," ते म्हणाले. "पण फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय गाडी चालू होत नाही. नुसता सेल्फ मारत बसलो तर बॅटरी उतरेल, मग देवसुद्धा ढकलायला येणार नाही. डाव्या चाकामागे खाली हातपंप आहे. तो कोणीतरी मारायला हवा. मी वर फिल्टरचा स्क्रू ढिला करून हवा सोडतो. मी 'मारा' म्हटलं की मारायचं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. एकट्याचं काम नाही ते."

मला पेशंट सोडता येत नव्हता. मी सुनेकडे बघितलं. ती उठलीच होती. साडीचा पदर खोचून मागच्या दाराने उतरली आणि गार वारा आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

क्षणभराने खालून आवाज सुरू झाला. चक्-चक्, चक्-चक्.

"मारा," काका म्हणाले. चक्-चक्, चक्-चक्. "थांबा." आवाज थांबला. वर काहीतरी फसफसलं. "फेसच येतोय अजून. मारा."

असं बराच वेळ चाललं. आवाज एका लयीत होता. मला सुनेचं कौतुक वाटलं. शिवणबाईचं डोकं पुढच्या पत्र्याजवळ होतं. तिने डोळे मिटले होते, पण ती ऐकत होती. एकदा मास्क बाजूला करून म्हणाली, "जरा हळू मार म्हणावं… हात भरून येतील."

"मास्क लावा आधी."

"तू सांग तिला."

मी काच सरकवून म्हटलं, "काका, आई म्हणताहेत हळू मार."

"लय छान चाललंय, हळू नको," काका बॉनेटआडून म्हणाले. मग खाली पंपाच्या दिशेने म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आता स्वच्छ धार यायला लागली."

चक्-चक्, चक्-चक्.

स्क्रू आवळला गेला. काका पुढे येऊन बसले, किल्ली फिरवली. इंजिन एकदा घरघरलं, दुसऱ्यांदा धरलं. सगळी गाडी थरथरली आणि माझ्या जिवात जीव आला. काकांनी उतरून बॉनेट आदळलं. मी मागचं दार उघडून हाक मारली, "ये गं आत. झालं काम."

उत्तर आलं नाही.

धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. मग लांबून, अगदी लांबून, "आले, आले…" असं ऐकू आलं. आवाज आमच्या मागून येत होता, जिकडून आम्ही आलो होतो तिकडून. पळत्या चपलांचा फटफटाट जवळ आला आणि सून धुक्यातून बाहेर आली. धापा टाकत होती. हातात मोबाइल.

"लागला एकदाचा फोन," ती म्हणाली. "मागे चढावरच्या त्या वळणापर्यंत गेले तेव्हा कुठे रेंज आली. हॉस्पिटलात कळवलंय. खाट तयार ठेवतो म्हणाले."

मी तिच्या हातांकडे बघितलं. स्वच्छ होते. पदर तसाच खोचलेला होता.

"पंप कोणी मारला मग?"

"तुमच्या क्लीनरने." ती आत चढली, सासूच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. "मी उतरले तर ते चाकापाशी बसलेच होते. म्हणाले, तुम्ही जा बाई, हे माझं काम आहे. मी म्हटलं बरं झालं, तेवढ्यात फोन तरी करून येते."

काचेपलीकडे काका गिअर टाकत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"गाडीवर क्लीनर नाही," ते म्हणाले.

"अहो, होते ना. पाठमोरे. डोक्याला फडकं बांधलेलं." सून आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागली. "मी मागून चढले होते, पुढे कोण बसलंय मला काय माहीत. मला वाटलं…"

"काय बोलला आणखी?" काकांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"एवढंच… की गाडीत किती जण आहात."

"आणि तू?"

"म्हटलं चौघं." ती थांबली. "बरं म्हणाले. मग पंप मारायला लागले."

काकांनी गिअर टाकला. उतरून गाडीखाली कोणी आहे का हे त्यांनी बघितलं नाही, आणि बघा असं मीही म्हटलं नाही. गाडी निघाली. त्या दिवशी हळूकाकांनी चाळीसचा काटा ओलांडला. माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच.

उतार लागला, धुकं मागे राहिलं, ऊन आलं. शिवणबाईने डोळे उघडले आणि मास्कखालून मला खूण केली. मी कान जवळ नेला.

"एवढा वेळ पंप मारला त्याने," ती म्हणाली, "पण मेला एकदासुद्धा धापला नाही. मी ऐकत होते ना पत्र्याला कान लावून. दुसऱ्याचा श्वास मला लगेच ऐकू येतो. माझं दुखणंच ते. याला श्वासच नव्हता गं."

"तुम्ही पडून राहा," मी म्हटलं.

सिलिंडर संपायच्या आत पोचलो. खाट खरंच तयार होती. सुनेने फोन केला नसता तर बाहेरच्या बाकावर ताटकळावं लागलं असतं, आणि शिवणबाईला तेवढा वेळ नव्हता. पुढे ती बरी होऊन घरी आली. अजून आहे. अजून सुनेच्या शिलाईला नावं ठेवते.

रात्री आम्ही हॉस्पिटलातच राहिलो. सकाळी खाली आले तर काका गाडीच्या डाव्या चाकामागे उकिडवे बसलेले. हात कोपरापर्यंत काळे.

"इकडे या, सिस्टर. हा तो पंप. जरा दाबा बरं."

मी दाबला. हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. भिंत दाबावी तसा. त्याच्या दांड्याभोवती गंजाचं कडं धरलं होतं, अख्खं, कुठेही न तुटलेलं. वर धूळ आणि तेल मिळून झालेला थर. त्यावर आता काकांच्या आणि माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. आमच्याआधीचा एकही नव्हता.

"कधीचा जाम आहे," काका म्हणाले. "काल मी स्वतः खाली बसून जोर लावला असता, तरी काही झालं नसतं."

"मग डिझेल वर आलं कसं?"

काकांनी फडक्याने हात पुसले. बोटं एकेक करून, नीट.

दुपारी परत निघालो. सून सासूजवळ थांबली होती, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच. मी पुढे बसले. माळावर लख्ख ऊन होतं, क्षितिजापर्यंत सगळं दिसत होतं, आणि दिसण्यासारखं काहीच नव्हतं. काल थांबलो होतो त्या जागी काकांनी गाडी कडेला घेतली.

"काका, कशाला?" मी म्हटलं.

"काम करून घेतलं आणि तोंडातून एक बरा शब्द काढला नाही. माझ्या हातून असं होत नाही कधी." ते उतरले. इंजिन मात्र चालूच ठेवलं. चाकापाशी उभे राहून, शेजाऱ्याशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाले, "काल फार मदत झाली. बाई वाचली."

वारा होता. दुसरं काही नव्हतं. मला एकटीला आत बसवेना म्हणून मीही उतरले आणि पलीकडच्या अंगाला चार पावलं गेले. रस्त्याच्या कडेला मातीचा एक बुटका बांध होता. बांधाच्या आडोशाला काहीतरी मांडून ठेवलेलं दिसलं.

"काका…"

ते आले. दोघंही बघत उभे राहिलो.

डिझेलचे जुने फिल्टर होते. एका ओळीत, एकमेकांना खेटून, सगळे सरळ उभे. ओळ बांधाच्या कडेकडेने लांबवर गेली होती. लांबचे गंजून लाल झाले होते, काहींची नुसती चाळण उरली होती. अलीकडचे अजून रंगाचे होते, निळे, पांढरे, एक पिवळा. सगळे पुसलेले. एकावरही माती नव्हती.

"आपला यात…?"

"आपला मी फडक्यात गुंडाळून गाडीतच टाकलाय," काका म्हणाले. "सीटखाली आहे. सकाळीच बघितला."

ते ओळीच्या अलीकडच्या टोकाला वाकले. शेवटचा फिल्टर हिरवा होता. त्याच्या तळाशी माती काळी झाली होती आणि ते काळं अजून पसरत होतं. काकांनी बोट लावलं, वास घेतला.

"ओला आहे," ते म्हणाले.

मी मागे रस्त्याकडे बघितलं. आल्यापासून त्या रस्त्याने एकही गाडी गेली नव्हती. काकांनी माझा दंड धरला, आजवर कधी धरला नव्हता, आणि मान न वळवता म्हणाले, "चला. बसा आत."

तेव्हा मला माती दिसली. कालच्या धुक्याने ती मऊ होती. आमच्या गाडीच्या चाकांहून रुंद, ताजे ठसे रस्ता सोडून बांधापर्यंत आले होते, त्या हिरव्या फिल्टरपर्यंत. ते आत आलेले होते. परत बाहेर गेलेले ठसे मला दिसले नाहीत.