आत्याची सकाळची लाळ

लिफ्ट मध्येच बंद पडली तेव्हा मला माझी नाही, हातातल्या बर्फाच्या पेटीची काळजी लागली. पेटीत सातव्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या लाळेच्या नळ्या होत्या. बर्फ वितळला की सगळी मेहनत पाण्यात!

"घाबरू नका, आलोच," वरून आवाज आला.

"मी नाही घाबरत हो… लाळ खराब होतेय!"

मग दार जरासं सरकलं आणि गालाला ग्रीस लागलेला मेकॅनिक खाली डोकावला. "कुणाची?" त्याने फार आदराने विचारलं.

त्याने हात देऊन मला वर ओढलं आणि माझं काय झालं कुणास ठाऊक— आभार मानायचे सोडून मी त्याला आमचं अख्खं संशोधन ऐकवलं. कुणी लहानपणापासून पोटासाठी झिजतं, कुणी सुखात वाढतं. म्हातारपणी दोघांच्या शरीरातली हार्मोन्स वेगळी वागतात का, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी उठल्याउठल्या, पाण्याचा घोटही न घेता, नळीत थुंकायचं.

"मग आमच्या आत्याला घ्या की," तो म्हणाला. "परकर नेसायची तेव्हापासून लोकांची धुणी धुतलीत तिने."

तर अशी आत्या आमच्या अभ्यासात आली. रोजची नळी आत्याने फ्रिजमध्ये ठेवायची आणि सोमवारी, गुरुवारी सकाळी मी न्यायची. जाईन तेव्हा मी प्रश्नही विचारायचे. लहानपणी घरात माणसं किती? पोटभर मिळायचं का? आत्या सांगत सुटायची, मग मध्येच थांबून डोळे पुसायची. "पोरी, हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं गं."

तिचा हा भाचा आपला दाराला टेकून उभा. "मलाही विचारा की काहीतरी."

"आधी साठीचे व्हा."

"तोवर येत राहाल?"

आता याला काय उत्तर द्यायचं! अभ्यासातल्या घरांशी सलगी करायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी पेटी उचलून निघायचे आणि पायऱ्यांवर उगाचच हसायचे. मग हसले म्हणून स्वतःवरच चिडायचे.

एक दिवस आमच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा फुलला होता. "ही तुझी आत्या आहे कोण? सत्तरीच्या बाईत तरण्याबांड पुरुषाएवढं टेस्टोस्टेरॉन! जन्मभर अंगमेहनत केली तर म्हातारपण ठणठणीत जातं की काय? यावर लेख लिहायला हवा. आणि ते कॉर्टिसॉल, ताणाचं हार्मोन— एरवी बेताचं असतं, पण तू जातेस त्याच सकाळी आभाळाला भिडतं. दम देतेस का गं म्हातारीला?"

माझे कान तापले. नळीत कोण थुंकत होतं ते लख्ख कळलं. पण चढत का होतं? चोरी पकडली जाईल म्हणून, की… हार्मोन मेलं दोन्हीला सारखंच चढतं!

मी तडक त्यांच्या घरी गेले. आत्याने लगेच कबूल केलं. "सकाळी तोंडाला कोरड पडते माझ्या. पाणी पिऊ नका म्हणतेस, मग थेंब कुठून काढू? नळी रिकामी दिली तर तू यायची बंद होशील… म्हणून यालाच म्हटलं, तू थुंक."

तो खाली मान घालून उभा होता. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. खरं सांगितलं तर आत्या बाद, आणि मला या दारात यायला कारण उरणार नाही. गप्प बसले तर कष्टकऱ्यांचं म्हातारपण ठणठणीत जातं, असं छापून यायचं. मी येते त्या सकाळी नळीतलं ताणाचं हार्मोन चढतं तेही, आणि हे लेखाचंही मी आत्याला सांगून टाकलं.

"ठणठणीत?" आत्या उसळली. "माझ्या गुडघ्यांना विचार म्हणावं! सांगून टाक पोरी. मी बाद तर बाद."

मी सांगितलं. मॅडमनी यादीतून आत्याचं नाव काढून टाकलं आणि मलाही चांगलं फैलावर घेतलं. गुरुवारी सकाळी मात्र माझे पाय आपसूक तिकडेच वळले. दार त्यानेच उघडलं.

"पेटी कुठाय?"

"नाही आणली. तुमचं घर अभ्यासातून गेलं." मी ओढणीचं टोक पिळत होते. "एकच विचारायचंय… मी यायचे तेव्हा तुमचं ते चढायचं, ते पकडले जाल म्हणून, की—"

"मलाही कळत नव्हतं," तो म्हणाला. अगदी खरं बोलत होता. "सारखा विचार करतोय. पण आज पकडलं जाण्यासारखं काही राहिलंच नाही ना? आज कसली भीती?"

त्याने माझा हात धरला, बिचकला… आणि मग हळूच स्वतःच्या छातीवर ठेवला. आत नुसती धडधड चालली होती. माझ्या छातीतही तेच, त्यामुळे त्याची कुठली नि माझी कुठली, काही समजेना.

"चढलंय," मी कसंबसं म्हटलं.

"उतरेल का गं?"

त्याने पहिल्यांदाच मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी हात काढला नाही.

"सांगता येत नाही… रोज येऊन बघावं लागेल."