बारा महिने बंद

"थांबा! अहो, थांबा म्हणतेय ना!"

म्हसोबाच्या टेकडीवरून सुसाट उतरणाऱ्या आमोदने करकचून ब्रेक दाबले आणि तो सायकलसकट वाळक्या गवतात आडवा झाला. समोर गळ्यात दुर्बीण अडकवलेली मुलगी उभी. त्याला हात द्यायचं सोडून ती जमिनीकडे बघत होती. वाटेच्या मधोमध, खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी टिटवीची चार अंडी.

"मला लागलं का, ते तरी विचारा."

"तुम्हाला हेल्मेट आहे. त्यांना नाही."

झालं… आमोदची विकेट तिथेच पडली.

ऋचा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आमोद हिंजवडीत नोकरीला होता, आणि ती सायकलवाट त्याने मित्रांना घेऊन, सुट्टीचे दिवस घालवून, स्वतः फावड्याने घडवली होती. तरी दुसऱ्याच सकाळी त्याने ती अंड्यांपासून चांगली लांबून वळवली. मग रोज दोघं दूर एका दगडावर बसून पहारा देऊ लागले. म्हणजे ती टिटवीवर, आणि तो तिच्यावर.

"दुर्बीण दे ना जरा."

"इतक्या जवळचं बघायला दुर्बीण कशाला लागते रे तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला. ऋचाला ते फार आवडलं.

तिला हसवायला त्याने एक दिवस तिथे पाटी लावली – 'येथे अंडी आहेत. ऑम्लेट आपापल्या घरी करावे.' ती पोट धरून हसली. दोघांनीही कौतुकाने फोटो मित्रमंडळींना पाठवला. व्हायचं तेच झालं. रविवारी टेकडीवर जत्रा लोटली, सेल्फी काढायला रांग लागली. टिटवी ओरडून ओरडून थकली आणि अंड्यांवर परतलीच नाही.

त्यावरून बोंबाबोंब झाली आणि वनखात्याने सायकलवाटेबद्दल बैठक बोलावली; जाणकार म्हणून ऋचालाही बोलावलं. आदल्या संध्याकाळी आमोद म्हणाला, "विणीचे महिने बंद ठेवा म्हण. बाकीचे आम्हाला दे. वस्तीतली पोरं सायकल शिकतात गं तिथे."

"म्हणेन," ऋचा म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "मॅडम, किती महिने बंद ठेवायची वाट?"

ऋचाला ती उघड्यावर पडलेली अंडी दिसली. "बारा," ती म्हणाली.

आमोदने वाद घातला नाही. बैठक संपताच तो उठून बाहेर पडला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बाहेर तो सायकलचं कुलूप काढत होता.

"आमोद… मला तू फार आवडतोस."

"माहितीये." त्याने वर बघितलं नाही. "मी कालच विचारणार होतो तुला. पण मग आज तुला खरं बोलता आलं नसतं. म्हणून थांबलो."

"मग आता विचार ना."

"आता राग आलाय. तुझं बरोबर असेलही, पण मला राग आलाय. तो गेला की येईन."

तो गेला. टेकडीला कुंपण पडलं. त्याचा फोन आला नाही, आणि तिनेही केला नाही. आपलं बरोबर होतं, एवढ्यावर ऋचाने पावसाळा काढला. हिवाळा मात्र काही केल्या निघेना.