दीड किलोची मोगरी

जिंकायचं ते बाबांसाठी! बाबांनी एकेक फळी वाकवून बांधलेली नौका महासागराच्या शर्यतीत पहिली आणायची आणि चषक नेऊन दवाखान्यात त्यांच्या उशाशी ठेवायचा, या एकाच ध्यासाने तिघं निघाले होते. कप्तान मामा, मार्ग आणि वजन सांभाळणारा दादा, आणि शिडं शिवणारी ती.

दादाला ती ‘वजनकाटा’ म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. नौका हलकी राहावी म्हणून या पठ्ठ्याने टूथब्रशांचे दांडे निम्मे कापले होते, तिघांत मिळून एकच चमचा ठेवला होता. बाबांची फळ्या ठोकायची लाकडी मोगरी तिने पिशवीत लपवून आणली, तेव्हा तर तो उखडलाच होता. “दीड किलो! आठवण म्हणून धोंडा घेऊन फिरणार का तू?” रोज एकदा तरी तो ती मोगरी समुद्रात भिरकावायची धमकी द्यायचा.

निघण्याआधी आयोजकांनी प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला होता. घरी काही वाईट घडलं तर भर समुद्रात कळवायचं का? मामांनी आणि दादाने ‘हो’ लिहिलं, तिने ‘नको’. “कळून करणार काय? पोहत घरी जाणार?” असं म्हणून ती वरवर हसली होती. खरं तर बाबा वाट बघताहेत असं धरून चाललं तरच आपले हात चालतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकतिसाव्या दिवशी त्यांची नौका दुसरी होती. पहिली जेमतेम तीस मैल पुढे! आणि त्याच दुपारी वादळाने गाठलं.

लाट आली. नौका वर चढली, क्षणभर अधांतरी थांबली आणि धाडकन आपटली! पुढच्या भागात दोन फळ्यांमधला सांधा उकलला. पाणी आत घुसलं. नौकेचं पुढचं टोक जड होऊन खाली दबू लागलं.

“वजन काढा!” मामा सुकाणूवरून ओरडले. “पुढचं सगळं फेका!”

डबे गेले. जादा साखळी गेली. कपड्यांच्या पिशव्या गेल्या. पाणी गुडघ्यापर्यंत! तिच्या हाताला मोगरी लागली. दात-ओठ खात तिने ती उचलली आणि फेकायला हात मागे नेला.

“ती नको!”

दादाने झडप घालून मोगरी हिसकावली आणि छातीशी धरली. ज्याने चमचेसुद्धा मोजून घेतले तो माणूस बुडत्या नौकेत दीड किलो लाकूड कवटाळून उभा होता, आणि त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिला कळलं. कुणी न सांगता कळलं. गेले कित्येक दिवस दादाने एकदाही मोगरीवरून तिला छेडलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. रडायला वेळ नव्हता.

“दे इकडे!” ती म्हणाली. शिडाच्या चिंध्या तिने सांध्यात कोंबल्या, त्यावर पाचर धरली आणि त्याच मोगरीने ठोकली. एक! दोन! दहा! धार बारीक झाली. दादा बादलीने पाणी उपसत राहिला. संध्याकाळी वादळ ओसरलं, तेव्हा तिघांचेही हात सोलवटले होते.

सकाळी आकाश निवळलं. समोर, अगदी डोळ्यांना दिसेल इतक्या जवळ, पहिली नौका लंगडत चालली होती. तिची डोलकाठी मोडली होती! दादा खाली झोपला होता.

“पूर्ण शीड चढवलं तर दुपारपर्यंत गाठू,” मामा म्हणाले. “सांधा टिकेल?”

“नाही टिकणार.”

“मग? दाजींना शब्द दिलायस तू.”

“शीड निम्मंच ठेवू, मामा. जवळच्या बंदराकडे वळवा. बाबांची नौका फोडून चषक आता दाखवायचा कुणाला?”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग सुकाणू फिरवलं आणि बराच वेळ उलट्या हाताने डोळे पुसत राहिले. पुढची नौका हळूहळू लहान होत गेली.

पाळी बदलायची वेळ झाली. मामा खाली गेले, तिने सुकाणू धरलं. तासाभराने दादा वर आला, डोळे सुजलेले, चेहऱ्यावर ओढूनताणून आणलेलं हसू. इतके दिवस त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. पाळी सोडणाऱ्याने पुढच्याला वारा, शीड आणि दिशा सांगायची, हा नौकेवरचा नियम होता.

“बोल, चिमणे,” तो म्हणाला.

“वारा पश्चिमेचा. शीड निम्मं. दिशा बंदराची, शर्यत सोडली.” तिने नजर समोरच ठेवली. “आणि बाबा गेलेत. मला कळलंय.”

दादा तिच्या पायाशी बसला.

“एकोणीस दिवस झाले,” तो कसाबसा म्हणाला. “तू ‘नको’ लिहिलं होतंस गं...” आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला.

तिने एक हात सुकाणूवर ठेवला, दुसरा त्याच्या डोक्यावर. पाळी त्याची होती, पण तिने सुकाणू सोडलं नाही.

“झोप तू, दादा,” ती म्हणाली. “आता मी आहे.”