खुंटीवरची रोटी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझ्या आत्याच्या घरात घडलेलं आहे, आणि मी तिथे होते.

१९८४ सालचा मे महिना. भर दुपार. उझबेकिस्तानातलं, नमंगानजवळचं आमचं गाव.

मवलुदाआत्याचा धाकटा, सोबिर, अफगाणिस्तानात मारला गेला होता. एकोणीस वर्षांचा.

भारी वांड पोरगा. तुतीच्या झाडावरून पडून पुढचा दात अर्धा तुटलेला. तंदूरमधून रोटी निघाली रे निघाली की पळवायचा. आत्या ओरडायची, "मेल्या, पाहुण्यांना तुझं उष्टं वाढू का?" तो चावा दाखवून खिदळायचा. तुटक्या दातामुळे चाव्याच्या मधोमध एक बारीक सुळका उरायचा.

फौजेत जाताना रीतीप्रमाणे त्यानं रोटीचा एक घास घेतला. उरलेली आत्यानं दोरीनं खुंटीला टांगली. परत येऊन तीच संपवायची असते.

"ताश्कंदच्या छावणीत स्वयंपाकाला चाललाय," त्याचा बाप हायितबोय म्हणाला होता. "बोका होऊन येईल बघ."

आली ती जस्ताची पेटी. झाळून बंद केलेली. उघडायची नाही, असा हुकूम.

आत्याला लेकाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. "ताश्कंदला होता ना तो? मग तिकडे कोणी धाडलं?" ती नवऱ्याला रोज विचारायची.

"सरकारी कारभार. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

त्या दुपारी, त्याच्या मरणानंतरच्या चाळिसाव्याच्या जेवणाला, घर माणसांनी भरलं होतं. आत्या आतल्या खोलीत गेली आणि...

खुंटीवर नुसती दोरी होती.

"उंदीर असेल, वहिनी," शेजारीण म्हणाली.

दोरीची गाठ सोडलेली होती. उंदीर गाठ सोडत नाहीत.

आत्या रडली नाही. चक्क हसली. "आला गं माझा सोबिर! संपवली त्यानं."

बाहेर सगळे जेवायला बसले होते. तंदूरमधून काढलेली अख्खी रोटी मी स्वतः हायितबोयसमोर ठेवली. घरातल्या कर्त्यानं आधी मोडायची. त्यानं ती उचलली आणि...

रोटीला चावा होता.

मधोमध सुळका.

"कोण चेष्टा करतंय?" तो खेकसला. मी दुसरी दिली. अख्खी होती, देवाशपथ. त्याच्या हातात जाताच तिलाही चावा. कडा ओली.

अंगण चिडीचूप झालं. फक्त कोणीतरी चावत असल्याचा आवाज येत होता...

सगळ्यांची तोंडं बंद होती.

"अहो," आत्या हळूच म्हणाली, "तो तुमच्याकडेच का येतोय?"

हायितबोयनं रोटी खाली ठेवली. "नेमतचं नाव लागलं होतं अफगाणिस्तानच्या यादीत. थोरला, नुकतं लग्न झालेलं... मेंढा देऊन काढवलं. भरतीचा कारकून म्हणाला, आकडा तर भरावा लागेल."

"म्हणून माझा धाकटा घातलात. आणि तोंड वर करून ताश्कंद सांगितलंत! त्याला, आणि मलाही!"

तिनं ती रोटी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"खा. लेकाचं उष्टं आहे."

पुढे अकरा वर्षं तो जगला. त्याच्या ताटात अख्खी रोटी कधी आली नाही. मेला तेव्हा आत्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

त्याच्या चाळिसाव्याला नेमत बापाच्या जागेवर बसला. "मला खरंच काही माहीत नव्हतं, आई," असं तो इतकी वर्षं सांगत आला होता, आणि आत्यानं ते मानलं होतं. तो एकच तर उरला होता तिला.

त्यानं रोटी उचलली.

चावा...

सुळका...

आत्यानं सुळका ओळखला. "तूसुद्धा?"

नेमतनं मान खाली घातली.

"घे, एक घास घे," ती म्हणाली. त्यानं घेतला. तिनं त्याच्या हातातून रोटी काढून घेतली आणि आत जाऊन त्याच जुन्या खुंटीला टांगली. "आता नीघ. ही मी तू परत यावास म्हणून टांगलेली नाही."

तो गेला. पुन्हा फिरकला नाही.

आत्या थकलीय आता. एकटीच असते. गेल्या ईदला मी गेले होते. रोटी अजून खुंटीवर आहे, दगडासारखी वाळलेली.

दर खेपेला ती थोडी कमी झालेली असते...

आत्याच्या तोंडात एकही दात नाही.