बापाच्या वाटणीचा नान

मर्गिलानच्या बाजारात टॅक्सीतून उतरल्यावर एल्योरनं पहिलं काम काय केलं असेल, तर खरबुजांच्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसला आणि एकेक खरबूज कानाशी धरून टिचक्या मारायला लागला. नऊ महिने देशोदेशी भटकून आलेला माणूस, पाठीवर निम्म्या उंचीची पिशवी, घर दहा मिनिटांवर, आणि हा खरबुजांशी गुजगोष्टी करतोय! आईकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणे.

"लवकर आटपा ना," नोदिरा म्हणाली.

"आटपा? काल विमानात तर 'सरक रे मेल्या' म्हणत होतीस."

"ते विमान होतं. हे मर्गिलान आहे."

नऊ महिने नवऱ्याला अरे-तुरे केलं होतं तिनं, आणि गल्ली जवळ आल्यावर जीभ आपोआप डोक्यावर पदर घेऊन बसली. बायकांना हे जमतं. मला विचाराल तर त्यांना सगळंच जमतं, आपल्याला उशिरा कळतं इतकंच.

लग्नाच्या बाराव्या दिवशी हे दोघं मधुचंद्राला निघाले होते. जॉर्जिया, तुर्कस्तान, नेपाळ, मलेशिया. कुठे सफरचंदं तोडली, कुठे मुसाफिरखान्याच्या चादरी धुतल्या, आणि पोटापुरतं मिळालं की पुढे. गल्ली हसून हसून बेजार झाली होती. आमच्याकडे माणसं परमुलखात जातात ती कमवायला. पाठीवर गाढवासारखं ओझं लादून नुसतं बघत हिंडायला कोण जातं?

एल्योरच्या आईनं, करोमतनं, त्यांना अडवलं नव्हतं. फक्त निघताना तंदुरातून दोन गरम नान काढून दोघांपुढे धरले होते. जाणाऱ्यानं नानाचा एक घास दातानं तोडायचा, उरलेला नान घरात खुंटीला टांगायचा. जोवर तो तिथं आहे तोवर त्या माणसाची वाटणी घरात आहे, आणि ती त्याला ओढून आणते. परत आला की आधी तोच वाळका नान चहात बुडवून संपवायचा. तो संपेपर्यंत माणूस आला असं आम्ही धरत नाही, मग तो समोर बसून दात का काढेना.

करोमतनं दार उघडलं. लेकाला पोटाशी धरलं, सुनेच्या गालाचे मुके घेतले आणि मग दोघांना नीट न्याहाळलं.

"बाई बाई! मधुचंद्राला पाठवलं होतं की कोळशाच्या खाणीत?"

मग तिनं एल्योरची पिशवी उचलली आणि सरळ स्वतःच्या पाठीला अडकवली. अंगणातल्या जर्दाळूपर्यंत गेली, वळली, परत आली. "बघू तरी केवढी जड असते ही हौस… तुझा बाप मला समरकंद दाखवणार होता. अजून दाखवतोय."

एल्योर हसला. नोदिरा हसली नाही. सासऱ्यांचा विषय या घरात कोणी काढत नसे. तुर्सून त्यांचं नाव. पोर जगावं, राहावं, म्हणून ठेवतात हे नाव. हा पठ्ठ्या जगला, पण राहिला नाही. एल्योर सात वर्षांचा असताना रशियात बांधकामावर गेला. दोन हिवाळे पत्रं आली, मग तीही थांबली. तो गेल्याला एकोणीस वर्षं झाली.

जेवणाचं दस्तरखान अंथरलं. करोमतनं दोन्ही नान पुढ्यात ठेवले. नोदिराच्या नानावर मधोमध टोचणीनं काढलेली चांदणी होती. एल्योरच्या नानावर गोल कडं. शिवाय तो काळपट होता, दगडासारखा.

"ओयी," नोदिरानं सासूला विचारलं, आईला आम्ही ओयी म्हणतो, "हे दोन्ही एकाच तंदुरातले ना?"

"खा गं, खा. नऊ महिन्यांत तूही बदललीस, मी काही बोलले का?"

नोदिरानं आपला संपवला. एल्योरला तीन वाडगे चहा लागला. "हा नान आहे का छपराचं कौल?" म्हणत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत, त्यानं शेवटचा तुकडा गिळला. करोमत एकटक त्याच्या गळ्याकडे बघत होती.

खरबूज कापायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी एल्योरनं बूट काढले नाहीत. बसला की उठायचा. दारापर्यंत जायचा, परत यायचा. "पायांना सवय नाही राहिली थांबायची," म्हणाला. दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, गल्लीतून एक चक्कर मारून येतो म्हणून बाहेर पडला. अर्ध्या तासानं दारावर थाप पडली. दार तर उघडंच होतं.

"एल्योरच्या आई… दार उघड. आलो."

नोदिरा भांडी घासत होती. तिला हसू आलं. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, पोराच्या नावानं मारतो. आता हा माझी थट्टा करतोय की आईची, असं म्हणत तिनं वर बघितलं, तर करोमतच्या हातातून झारी निसटलेली आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा.

दारात एल्योरच उभा होता. तोच सदरा, तेच बूट. पण उभं राहण्याची तऱ्हा वेगळी, एक खांदा खाली टाकून. आणि जुलैच्या त्या भट्टीत त्याच्या अंगाला बर्फाचा वास येत होता… भिजल्या लोकरीचा आणि बर्फाचा.

तो आत आला. कधी बसला नव्हता त्या जागी, दस्तरखानाच्या वरच्या टोकाला, बसला. चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरला, आणि वाफ यायची थांबली.

"पोरगा कुठंय? शाळेतून आला नाही अजून?"



त्याची नजर नोदिरावर आली. "ही कोण?"

"सून…" करोमत पुटपुटली.

"कोणाची?"

सूर्य कलला तसा तो जागच्या जागी पेंगला, आणि डोळे उघडले तेव्हा पुन्हा एल्योर होता. जांभई देत म्हणाला, "मी झोपलो होतो का? पाय का असे दुखतायत? जणू मॉस्कोहून चालत आलोय."

तिसऱ्या दिवशी हाक दुपारी एकला आली. चौथ्या दिवशी बाराला. पाचव्या दिवशी करोमतनं उस्म्याचा पाला वाटला, त्या हिरव्या रसानं भुवया रेखल्या आणि पेटीतला रेशमी झगा काढला. शेजारची मस्तुरा खाला कुंपणावरून डोकावलीच. तिला डोकावायला कुंपण लागतं, नाहीतर ती सरळ आतच येते.

"काय गं करोमत, सून घरात आली आणि भुवया तू रंगवतेस?"

"तुझ्या डोळ्यांत का खुपतं? तुझ्या भुवया उरल्यात तरी का?"

मस्तुरा खाला खिदळत गेली. नोदिरा मात्र थिजून उभी राहिली. सासू गुणगुणत होती. नवरा रोज तासाभरानं कमी होत चालला होता आणि सासू गुणगुणत होती!

त्या दिवशी हाक अकराला आली. नोदिरानं मनाशी हिशेब केला: अजून चार-पाच दिवस, मग एल्योरची सकाळच उरणार नाही. संध्याकाळी तिनं करोमतला तंदुरापाशी गाठलं.

"ओयी, तो नान कोणाचा होता?"

"कुठला नान?"

"कडं काढलेला. तुम्ही तुमच्या पोराला कोणाचा घास खाऊ घातलात?"

करोमत बराच वेळ राख उकरत राहिली. मग बोलली, पण नोदिराशी नाही, तंदुराशी.

"वसंतात उंदरांनी एल्योरचा नान खाल्ला. चुराही ठेवला नाही मेल्यांनी. मी घाबरले. तुमचा फोन आला की मी बोलत होते, हसत होते, आणि खुंटी रिकामी… नवा नान टांगून काय उपयोग, त्यावर त्याचा दात कुठला? मग पेटीतला काढला. ह्यांचा. एकोणीस वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवला होता. म्हटलं, बापाचाच तर आहे. रक्त एक, घास एक. चालून जाईल."

"आणि चाललं नाही."

"चाललं की…" करोमत हळूच म्हणाली. "फार चाललं. ते आले."

"ते आले, पण माझ्या नवऱ्याच्या अंगात आले! तुमचा पोरगा तिकडेच कुठेतरी राहिला, ओयी. तो घरी आलाच नाही. त्याचा नान त्यानं खाल्लाच नाही."

करोमतनं डोळे मिटले. रेखलेल्या भुवयांमधून घाम ओघळला आणि हिरवी रेघ गालावर आली. ती तिनं पुसली नाही.

"पहाटे कणीक मळते," ती म्हणाली.

सकाळी एल्योर एल्योर होता, जेमतेम. बूट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होता. नोदिरानं गरम नान त्याच्या तोंडाशी धरला.

"एक घास तोडा."

"परत कुठे चाललोय आपण?"

"कुठेही नाही. तोड रे मेल्या!"

ही शिवी ऐकून तो जरा हसला, आणि त्यानं घास तोडला. नोदिरानं नान खुंटीला टांगला. वळून बघते तर करोमतनं दुसरा नान हातात घेतला होता. तिनं त्याचा लचका तोडला, सावकाश चावला, आणि उरलेला शेजारच्या खुंटीला अडकवला.

"ओयी… हे काय?"

"पाहुण्याला बोलावलं मी. घालवून यायलाही मलाच हवं. एकटे ते जायचे नाहीत." तिनं एल्योरची पिशवी पाठीला अडकवली, पट्टे आवळले. "माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही बघ. हसतील लोक."

दहाला हाक आली. एल्योर घटकाभरापूर्वीच गल्लीत गेला होता.

"एल्योरच्या आई… दार उघड. आलो."

"आत येऊ नका," करोमत म्हणाली. आवाज असा की नोदिरानं दचकून बघितलं, विशीतल्या मुलीचा वाटावा. "समरकंद दाखवणार होतात ना? चला."

दारातल्यानं गल्लीच्या टोकाकडे बघितलं.

"फार लांब आहे," तो म्हणाला.

"चालायची सवय आहे की तुम्हाला."

दोघं निघाली. नोदिरा दाराशी उभी राहून बघत होती. एक खांदा खाली टाकून चालणारा तिचा नवरा, आणि त्याच्याबरोबर रेशमी झगा घातलेली, पाठीवर पिशवी घेतलेली सासू. गल्लीच्या टोकाला तुतीची झाडं आहेत, तिथं ती वळली. वळताना करोमत काहीतरी बोलली आणि हसली. या घरात लग्न होऊन आल्यापासून नोदिरानं तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

तासाभरानं एल्योर एकटा आला. बूट नव्हते पायात. थाप न मारता सरळ आत आला.

"खरबूज कुठंय? मी इथं ठेवलं होतं आत्ता." मग घराकडे नजर टाकून म्हणाला, "ओयी कुठंय? आपण येणार माहीत असून बाहेर गेली?"

मधले दिवस त्याच्या डोक्यात नव्हतेच. नोदिरानं काही न बोलता नान काढला, चहात बुडवून त्याला भरवला, शेवटच्या कणापर्यंत. त्यानंतर तो अंगणातल्या बाजेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. पाय उघडे, निवांत. तिनं त्या पायांवर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. नवरा घरी आला होता.

करोमतला खूप शोधलं. पोलिसात वर्दी दिली, कालव्यात माणसं उतरवली, समरकंदलाही जाऊन आले. गल्लीत तर्क काय, फुकटचे. मस्तुरा खाला म्हणाली, "गेली असेल मधुचंद्राला. सुनेचं बघून हौस सुटली." सगळे हसले, आणि हसून झाल्यावर कोणी कोणाकडे बघितलं नाही.

खुंटीवरचा करोमतचा नान तसाच आहे. नोदिरानं दोनदा तो उतरवून हातात घेतला. कालव्यात सोडून द्यावा… पण नान फेकणं पाप, आणि एल्योर रोज त्याच्याखाली उभा राहून म्हणतो, "येईल. हा आहे तोवर येईल." त्याला काय सांगणार? की आई येईल हे खरं, पण ती एकटी येणार नाही? आणि बरोबरच्याला घरात शिरायला एक तोंड लागतं?

आता आमच्याकडची रीत अशी, की नव्या सुनेनं पहाटे उठून दारापुढची गल्ली झाडायची, पाणी शिंपायचं. नोदिरा फिरायला निघून गेली होती, तिचं ते राहिलंच होतं. म्हणून सासू गेल्याच्या आठवडाभरानं ती एका पहाटे झाडू घेऊन बाहेर पडली. बघते तर गल्लीच्या पार टोकाला, तुतींखाली, चार हात जागा आधीच झाडलेली. वर पाण्याचा सडा, नव्या नवरीनं घालावा तसा बारीक, नेटका.

"मी नाही बाई," मस्तुरा खाला म्हणाली. "मी माझंच अंगण झाडत नाही."

दुसऱ्या पहाटे झाडलेली जागा अलीकडे सरकली होती. तिसऱ्या पहाटे आणखी. नोदिरा रोज थोडी आधी उठते, आणि रोज ते झालेलं असतं. एल्योरला तिनं सांगितलेलं नाही. तो गाढ झोपलेला असतो.

काल ते मस्तुरा खालाच्या दारापर्यंत आलं होतं.

आज ती अंधारातच उठली. दाराला कान लावला, काही नाही. कडी काढली, झाडू छातीशी धरून बाहेर पाऊल टाकलं. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी नव्हतं. त्यांच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरापर्यंत माती ओली होती, आणि पुढच्या कोरड्या मातीत झाडूचा शेवटचा फटकारा अर्ध्यावरच राहिला होता.

धूळ अजून खाली बसायची होती.